अनुभव धागा: भक्तीच्या आडून वाढलेला गर्व कसा उतरला?

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालाय. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना फादर म्हणाले माती आहेस, मातीलाच मिळणार, आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर आवारात परत तेच, कमिटीत कोण, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा. म्हणून हा धागा काढतेय. पैशाचा, जमिनीचा गर्व सगळ्यांना दिसतो, मला ऐकायचंय ते प्रार्थनेच्या, सेवेच्या, बायबलच्या ज्ञानाच्या आडून जो वाढतो त्याबद्दल, आणि तो उतरल्यावर देवाकडे परत कसे वळलात त्याबद्दल.

सुरुवात मीच करते. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया बघा. जपानात जेझुइट संघाच्या फादरांबरोबर कितीतरी वर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं पण संघात काही त्यांना घेतलं नाही. मग व्यापारात पडले, चांगला जम बसला, आणि ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले ते साधे ब्रदर म्हणून, फादर कधी झालेच नाहीत. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर प्राण दिला, 1862 साली संत म्हणून जाहीर झाले. आपण त्यांचा सण थाटात करतो पण ज्याला आधी "नको" म्हटलं गेलं असा माणूस म्हणून त्यांच्याकडे बघतो का? कमिटीतून माझं नाव गेलं त्या वर्षी मला तेच आठवत राहिले. "मलाच का वगळलं" इथपासून "मला कुठं ठेवायचं ते तू ठरव" इथपर्यंत प्रार्थना यायला अख्खा उपवासकाळ लागला.

आता तुम्ही लिहा.

पाचूबंदर, वसई

आमची स्वतःची बोट आहे, फेस्ताला (चर्चच्या सणाला) वर्गणी आमची मोठी असते, त्यामुळे पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, फादर ज्या बारा जणांचे पाय धुवायला बसवतात त्यात नाव आलं तेव्हा मला ते मानाचंच वाटलं, नवा शर्ट घालून गेलो. बाजूच्या खुर्चीवर बघतो तर आमच्याच धक्क्यावर बोंबील वलांडीवर वाळत घालणारी मावशी. 2016 पासून पोप फ्रान्सिसनी बायकांचेही पाय धुवायची मुभा दिलीय हे माहीत होतं, पण ती माझ्या शेजारी असेल हे काही डोक्यात नव्हतं. तिची मजुरी माझ्याकडे अडकलेली होती, सीझन मंदा म्हणून मी आज देतो उद्या देतो करत होतो. फादर गुडघ्यावर बसले. तिच्या टाचा मिठाच्या पाण्यानं एवढ्या फाटलेल्या की भेगांत काळं कायमचं बसलेलं, फादरनी टॉवेलनं एकेक भेग टिपून घेतली, घाई नाही काही नाही, आणि मग माझ्याकडे सरकले, तेच पाणी तोच टॉवेल. मला वर बघवेना. ईस्टरच्या आत तिचे पैसे दिले, माफी मागितली, ती "होऊ दे रे बाबा" एवढंच बोलली.

तेव्हापासून एक बदल केला. 31 जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपते, फादर येऊन बोटीला आशीर्वाद देतात, त्यानंतरची प्रार्थना आधी मालक म्हणून मी सांगायचो. आता आमचा सगळ्यात म्हातारा खलाशी सांगतो आणि मी मागे उभा राहून आमेन म्हणतो. खरं सांगतो, देव त्या मागच्या जागेवरून जास्त जवळ वाटतो.

वेंगुर्ला

मी मिशन हॉस्पिटलमधून रिटायर झालेली नर्स. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची आणि माझी प्रार्थना सगळ्यांना आवडायची, शब्द चांगले, आवाज चांगला, पाठांतर दांडगं, बाहेरून आलेले पाळकसुद्धा कौतुक करून जायचे, हळूहळू ती लांबत गेली. एकदा कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी होती, खेड्यातली, आमच्या धर्माची पण नाही. आमेन झाल्यावर मला जवळ बोलावून अगदी मायेनं विचारते, "गे बाय, ह्या तू देवाक सांगतंस की आमका ऐकवतंस?"

मी हसून पुढे गेले पण दिवसभर ते सुटेना. रात्री बायबलमधलं लूक 18 उघडलं. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, उपास मोजून दाखवतो, देवाला दिलेला दशांश मोजून दाखवतो, सगळं खरंच करत असतो तो, खोटं एक अक्षर बोलत नाही. आणि जकातदार, ज्याला सगळे पापी समजायचे, तो दूर उभा राहून छाती बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. परूशी वाईट माणूस असं मी इतकी वर्षं शिकवत आले होते, त्या रात्री कळलं की तो माझ्यासारखा चांगला माणूस होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका ओळीची प्रार्थना केली आणि म्हातारीचा हात धरून नुसती बसले. अजूनही एकटी असले की फार शब्द वापरत नाही.

चिपळूण

वरचा पाय धुवायचा अनुभव वाचून लिहितोय. आमची मंडळी (चर्च) लहान, मी संदेश देतो. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकायला लागलो, व्ह्यूज वाढले, तासातासाला बघायचो. मग 22 जुलै 2021, वाशिष्ठीचं पाणी. ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल, बायबल, संदेशांच्या वह्या, सगळ्याचा लगदा. पलीकडच्या मोहल्ल्यातली पोरं खिचडी घेऊन आली तर मी म्हणतो आधी दुसऱ्यांना द्या. एक जण म्हणाला, "काका, दुसऱ्यांना दिलंय, आता तुम्ही घ्या." हात पुढे करायला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणाला होता ना, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, ते नम्रपणाचं वाटतं पण त्यात गर्वच असतो. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून सगळं देवावर टाकलं, हे मी संदेशात कितीदा सांगितलं असेल, पण त्या डब्यापुढे उभा राहिलो तेव्हा त्याचं वजन कळलं.

कोर्लई

थोडक्यात लिहिते. 16 जुलैला आमच्या माउंट कार्मेल चर्चचा सण, त्यात एकटीनं गायचा मान वर्षानुवर्षं माझा. एका वर्षी घसा बसला, भाचीनं गायलं, माझ्यापेक्षा बरं गायलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी गाणं ऐकत प्रार्थना केली.

अलिबाग

सगळं पटलं पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मला सासरी जे सोसावं लागलं ते मी चर्चमधल्या मोठ्या माणसांना सांगायला गेले तर "नम्र हो, ख्रिस्तानं पण सोसलं" एवढंच उत्तर मिळालं. बाईनं गप्प बसणं म्हणजे नम्रता असं नका हो शिकवू कोणी. योहान 18 वाचा, शिपाई थोबाडीत मारतो तेव्हा येशू विचारतो की मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्यानं परत हात उचलला नाही पण प्रश्न विचारला. मीसुद्धा त्याच्याच बळावर विचारला आणि माहेरी आले. देवापुढे मी रोज गुडघे टेकते, मारणाऱ्यापुढे नाही टेकणार.

धागा काढणारी, वसई

अलिबागच्या ताई, बरं झालं लिहिलंत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गुड फ्रायडेला योहानाचंच वाचन असतं, यंदा आमच्या चर्चमध्ये ते वाचायची पाळी माझ्याकडे आलीय, ती ओळ मी सावकाश वाचणार. बाकीच्यांनी लिहीत राहा, ईस्टरपर्यंत धागा चालू आहे.