सल्ला हवा: वाचनगटासाठी जुनी ब्रिटिश कादंबरी (माणशी २५० रु., ३५० पानांच्या आत)

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. आमचा डोंबिवलीत सात-आठ जणांचा वाचनगट आहे, बहुतेक सगळे बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेले. या महिन्यात एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश कादंबरी घ्यायचं ठरलंय. माणसाच्या नीतीची कसोटी लागते अशी हवी, म्हणजे वाद घालता येईल. चांगल्याचं चांगलं आणि वाईटाचं वाईट झालं, चला चहा घेऊ, असलं नको. लग्नाची जुळवाजुळवही नको, 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मागेच झालंय. अक्षर बरं असावं, दोघांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. मूळ इंग्रजीतूनच वाचणार. कृपया शेवट फोडू नका.

गडकोट
जॉर्ज इलियटची मिडलमार्च. विषय संपला.

खिडकीपाशी
गडकोट, ती आठशे पानांची आहे ना?

गडकोट
मग दोन महिने घ्या. नीतीची कसोटी म्हणता, तर बल्स्ट्रोडएवढी कोणाची लागली? गावातला धार्मिक बँकर, जुनं पाप माहीत असलेला रॅफल्स त्याच्याच घरात आजारी पडलेला. डॉक्टर बजावून जातो की दारू अजिबात द्यायची नाही आणि अफू कधी थांबवायची तेही सांगतो. बल्स्ट्रोड काय करतो? अफू थांबवायचं घरकामवालीला सांगायचं राहून जातं. मग रात्री ती ब्रँडी मागायला येते तेव्हा दाराआडून नुसती किल्ली देतो. बस. आता हा खून म्हणायचा का? आमच्या घरी यावर दोन दिवस अबोला होता. १८७१-७२ मध्ये आठ भागांत आली ती, लोक थांबून थांबून वाचत होते. तुम्हाला काय घाई आहे?

थेम्सकाठ
आम्ही इकडे असतो त्यामुळे जुन्या पुस्तकांची चंगळ असते. मागे हे-ऑन-वायला गेलो होतो, वेल्समधलं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. तिथून डिकन्सचा अख्खा कापडी बांधणीचा संच आणला. किंमत विचारू नका, बायकोने अजून माफ केलेलं नाही. अक्षर मात्र सुरेख. ग्रेट एक्स्पेक्टेशन्स घ्या. जो नावाचा लोहार लंडनला नायकाला, म्हणजे पिपला भेटायला येतो, हॅट फायरप्लेसच्या वरच्या फळीवर ठेवतो आणि ती सारखी पडत राहते, तो सारखी झेलत राहतो. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्या पोरालाच 'सर' म्हणतो. आणि पिपला त्याची लाज वाटते! पैसा आला की माणूस कसा होतो याला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. आणि तो पैसा तरी कोणाचा, तर सुरुवातीच्या कबरस्तानातल्या कैद्याचा.

कांदेपोहे_विरोधी
अहो, शेवट फोडू नका म्हटलंय ना!

थेम्सकाठ
हा शेवट नाही, मधला भाग आहे. शिवाय १८६१ ला संपलेली कादंबरी. किती वर्षं गुपित ठेवायचं?

सुपारीअडकित्ता
पानांचा हिशेब बघताना एक गोष्ट तपासा. मी एका साइटवरून ९९ रुपयांत थॉमस हार्डीची 'टेस' मागवली. पुस्तक बारीक दिसलं तेव्हाच शंका यायला हवी होती. शाळकरी मुलांसाठी कापून काढलेली आवृत्ती निघाली. खेडूत पोरीवरच्या अन्यायाची गोष्ट, त्यातला अन्यायच गाळलेला! परत पाठवायला गेले तर म्हणे मुदत संपली. मलपृष्ठावर 'कंप्लीट अँड अनअब्रिज्ड' असेल तरच घ्या. नाहीतर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या साइटवर ही सगळी पुस्तकं फुकट आहेत, टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. मोतीबिंदूवाल्यांना तेच सोयीचं.

कांदेपोहे_विरोधी
टेसमध्ये पहिल्यांदा काटछाट हार्डीनेच केली होती. 'ग्राफिक' साप्ताहिकात छापून यावी म्हणून. एंजल गवळणींना पाण्यातून उचलून नेतो तो प्रसंग त्यात हातगाडीवरून नेतो असा करावा लागला. त्यामुळे तुमच्या प्रकाशकाची परंपरा जुनी आहे :)

सुपारीअडकित्ता
माझे ९९ रुपये गेले त्याचं काय?

मिरचीभजी
थॅकरेचं व्हॅनिटी फेअर कोणीच कसं सुचवलं नाही? बेकी शार्पसारखी बाई नाही. कंपनी सरकारच्या नोकरीतून परतलेल्या जोस सेडलीसाठी घरी केलेली करी हिलाही वाढतात. हिला तोंडाची आग सोसत नाही. मग जोस म्हणतो, सोबत चिली घ्या. नाव थंड वाटलं म्हणून ही बिचारी मिरची खाते! थॅकरेचा जन्मच कलकत्त्याचा, त्याला हे सगळं ठाऊक. बेकी वाईट आहे की गरिबीत दुसरा मार्गच नव्हता, यावर महिनाभर भांडता येईल. पानं सातशेच्या वर आहेत, पण भरभर जातात.

गडकोट
सातशे चालतात आणि आठशे चालत नाहीत?

रविवारची_झोप
वरच्या प्रतिक्रिया वाचल्या नाहीत. मिडलमार्च किंवा ग्रेट एक्स्पेक्टेशन्स घ्या. मी कॉलेजात जेन एअरवर टिपणं काढली होती, कोणाला हवी असल्यास सांगा. जेनवर लग्नासाठी दबाव आणणारा पाद्री सेंट जॉन हिंदुस्थानात यायची तयारी करत असतो आणि तिलाही हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो, हे माहीत होतं का कोणाला?

मिरचीभजी
माहीत होतं. त्यांना लग्नं नको आहेत, धागा वाचा. आणि जेनच्या त्या रॉचेस्टरने बायकोला माळ्यावर कोंडून ठेवलेलं असतं त्याची नीती कोण तपासणार?

रविवारची_झोप
तुम्हीच फोडलंत की आता!

तळ्यातमळ्यात
काहीही घ्या, फक्त ट्रोलप घेऊ नका. मी 'द वॉर्डन' वाचलंय. चर्चच्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकाचा पगार बरोबर की चूक, यावर अख्खी कादंबरी. ना प्रेत, ना माळा. म्हातारा गृहस्थ टेन्शन आलं की हवेत चेलो (व्हायोलिनचा थोरला भाऊ) वाजवतो. पोस्टात नोकरी करणाऱ्या माणसाने लिहिलंय, ते कळतंच.

खिडकीपाशी
धन्यवाद मंडळी. तळ्यातमळ्यात यांच्या तक्रारीनेच उत्सुकता वाढली. काल रात्री गुटेनबर्गवर द वॉर्डन उघडलं ते थेट आठव्या प्रकरणापर्यंत.

१४३४ मध्ये एकाने मृत्युपत्रात जमीन ठेवली, बारा म्हाताऱ्या कामगारांच्या पोटापाण्यासाठी. जमिनीचं उत्पन्न वाढत गेलं. म्हाताऱ्यांना मिळतात रोज एक शिलिंग चार पेन्स, आणि वॉर्डन हार्डिंगसाहेबांना वर्षाला ८०० पौंड आणि बंगला. हार्डिंग चांगला माणूस. स्वतःच्या खिशातून प्रत्येकाला रोज दोन पेन्स जास्तीचे देतो. प्रश्न विचारणारा डॉक्टर बोल्डही चांगला, आणि त्याचं प्रेम हार्डिंगच्याच मुलीवर. जावई आर्चडीकन, म्हणजे चर्चचा मोठा अधिकारी, म्हणतो कायदा आपल्या बाजूने आहे. हार्डिंगला तेवढं पुरत नाही, त्याला विचारायचंय की हे पैसे माझे आहेत का? आमच्या गटात दोघं जण सार्वजनिक ट्रस्टवर आहेत आणि एकजण ऑडिटर होते. रविवारी काय होईल मला आत्ताच दिसतंय. पानंही जेमतेम दोनशे. तेच घेतोय.

गडकोट
तुमची मर्जी. पण हार्डिंग राजीनामा देतो त्यात मला काही थोर वाटलं नाही. याचं मन शांत झालं आणि म्हाताऱ्यांचे दोन पेन्सही गेले. मेलेल्यांच्या जागीही कोणाला घेतलं नाही. बल्स्ट्रोड निदान...

खिडकीपाशी
गडकोट!!! माझी निम्मी बाकी आहे!

तळ्यातमळ्यात
दोन पेन्सचा मुद्दा मी वाचताना लक्षातच घेतला नव्हता. पण चेलो सहन करावाच लागेल, सांगून ठेवतो.

रविवारची_झोप
थेम्सकाठ, हे-ऑन-वायला मराठी पुस्तकं मिळतात का?