मदत हवी आहे: जुन्या कॉम्प्युटरच्या जॉब कार्डावरचा ५ नेमका कोण पाळायचं?

नमस्कार मंडळी,

बाबांच्या कपाटात पंचकार्डांचा (भोकं पाडून कॉम्प्युटरला काम सांगायची कार्डं) एक गठ्ठा सापडला. रबरबँड वितळून वरच्या कार्डाला चिकटलाय, पण कार्डं अजून कडक आहेत. साठच्या दशकाच्या शेवटी बाबा पुण्याहून कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सीडीसी ३६०० या कॉम्प्युटरवर आकडेमोड करून घ्यायला जायचे, तेव्हाचा हा गठ्ठा. वरच्या कार्डाच्या पहिल्या रकान्यात ७ आणि ९ या दोन्ही ओळींत भोकं आहेत, पुढे 'जॉब' आणि शेवटी एक सुटा आकडा, ५. मागची बहुतेक कार्डं फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतली. बाबा आता नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

माझा अंदाज, ५ म्हणजे पाच मिनिटं. तेवढ्यात काम संपलं नाही तर बंद. पण बंद करायचं कोण, मशीन की ऑपरेटर?

मी अडकलेय ती इथे. १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरसाठी मॉनिटर लिहिला, म्हणजे पडदा नव्हे, तर एकामागून एक कामं चालवणारा प्रोग्राम. त्याआधी ज्याने-त्याने आपल्या वेळेला येऊन टेप चढवायची, कार्डं लावायची आणि तोवर एवढं महागडं मशीन नुसतं बसून राहायचं. आता कामं टेपवर रांगेत, एक संपलं की मॉनिटर पुढचं आत घेणार. फार सुंदर कल्पना आहे ही! पण प्रोग्रामने आपणहून ताबा परत दिला तरच मॉनिटरला काही करता येणार. प्रोग्राम लूपमध्ये, म्हणजे त्याच त्या सूचनांत, फिरत बसला की मागची सगळी रांग खोळंबली.

अमेरिकेतल्या एमआयटीत कॉर्बाटो आणि मंडळींनी १९६१ मध्ये सीटीएसएस दाखवली, एकच मशीन अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली. पुढे ती आयबीएम ७०९४ वर आली तेव्हा ३२ हजार शब्दांच्या दोन वेगळ्या मेमरी होत्या, एकीत सुपरवायझर (सगळ्यांवर देखरेख करणारा प्रोग्राम), दुसरीत वापरणाऱ्याचा प्रोग्राम. शिवाय मशीनमधलं घड्याळ चालू प्रोग्रामला मध्येच थांबवून ताबा सुपरवायझरकडे द्यायचं. हे मला पटतं, कळतं.

मग कुलाब्याचं मशीन यातलं कुठलं? त्यावर काम केलेलं कुणी इथे असेल, किंवा घरातलं कुणी असेल, तर एवढंच सांगा: लूपमध्ये अडकलेलं काम आपोआप बाहेर पडायचं, की कुणीतरी कन्सोलपाशी बसून बघायचं? आणि ती ७-९ची भोकं मॉनिटरला 'हे माझ्यासाठीचं कार्ड' असं कळावं म्हणून का?

फोटो संध्याकाळी टाकते. कार्डांचा क्रम मी अजिबात हलवलेला नाही.