अनुभव धागा: मे महिन्यात उजनीकाठी, पोराबाळांसकट आणि खिशाला झेपेल असं

शेंगाचटणी
सुट्टी लागली की आमच्या घरी दरवर्षी तोच वाद. पोरांना पाणी बघायचंय, महाबळेश्वर परवडत नाही, आणि सोलापुरात आमच्या नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "ज्या धरणातनं पाणी येतंय तिथंच जाऊ की!" म्हणजे उजनी. आम्ही सहाजण, दोन रात्री, पाच हजारांच्या आत. करमाळा, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, कुठल्याही बाजूनं गेला असाल तर लिहा. काय जमलं तेही आणि काय फसलं तेही. फसलेलं आधी लिहिलं तर फारच बरं.

माढ्याची सून
आधी तिकिटाचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या पोरांनाही अर्धं, आणि 75 च्या पुढच्यांना फुकट. आम्ही गेलो तेव्हा मी, जाऊ, 78 वर्षांच्या सासूबाई, दोन पोरं आणि आमचे हे. पूर्ण तिकीट फक्त ह्यांचं. "घरात सगळ्यात महाग माणूस" म्हणून दोन दिवस चिडवलं त्यांना. पण सासूबाईंचं आधार कार्ड मी दिवाणावर विसरले होते, त्यामुळे जाताना त्यांचंही तिकीट काढावं लागलं. येताना दिरानं फोनवर कार्ड पाठवलं. दोन रात्री नणंदेच्या घरी, एक वेळ बाहेर जेवण, बाकी घरचं. सगळा मिळून खर्च 3,150. त्यातले 400 नुसते उसाच्या रसाचे, ऊन तसंच होतं.

काठावरचा
मी जेऊरजवळचा. एकच सांगतो, फोटो बघून येऊ नका. ते तुडुंब धरणाचे फोटो ऑगस्ट-सप्टेंबरचे असतात. उजनीत भरल्यावर साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. उन्हाळ्यात "धरण उणे गेलं" म्हणतात ते ह्याच मृतसाठ्यात उतरल्यावर. 2024 ला तर उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. तेव्हा गेल्या वर्षी जिथं बसून डबा खाल्ला तिथनं यंदा पाणी किलोमीटरभर लांब असू शकतं. मधे सगळा गाळ. वरनं तडे गेलेला, वाळलेला दिसतो, आत लोण्यासारखा. पुण्याच्या पाहुण्यांचा पोरगा गुडघ्यापर्यंत रुतला, आम्ही दोघांनी ओढून काढला, चप्पल अजून तिथंच आहे. म्हशी हिंडवणाऱ्याला विचारा कुठनं उतरायचं. म्हशी जिथनं जातात ती वाट पक्की.

आणि गाळपेर (पाणी हटल्यावर गाळात केलेली पेरणी) असेल तर पिकातनं चालू नका. ओसाड दिसली तरी ती कुणाची तरी मेहनत असते.

धरणग्रस्ताची नात
माझा अनुभव सहलीचा म्हणावा का, माहीत नाही.

आजीचं सासर उजनीत गेलं. धरणाचं काम 1966 ला सुरू झालं, 1980 ला पुरं झालं. त्या मधल्या काळात कधीतरी बैलगाडीत भांडी आणि दाराच्या चौकटी भरून ही मंडळी वर माळावर आली. आजी चौकटींचं फार सांगते. भिंती बुडणार होत्या, चौकटी नाही. त्यातली एक अजून आमच्या गोठ्याला आहे.

2024 च्या मेमध्ये पाणी खूपच उतरलं तेव्हा मामाचा फोन आला, "म्हातारीला आणा, गाव वर आलंय." मी, नवरा, दोन्ही पोरं आणि आजी. सोलापूर ते करमाळा एसटी, पुढं मामाचा टेम्पो. कुगावचा इनामदार वाडा, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ, असली पाण्याबाहेर येणारी ठिकाणं बघायला लोक गाड्या करून येतात. आमच्या गावात तसलं काही नाही. दगडांच्या ओळी नुसत्या, जोत्यांच्या. पोरं पाच मिनिटांत कंटाळली.

आजीनं आधी देऊळ शोधलं, मग तिथनं उजवीकडं पावलं मोजत निघाली. उन्हं कलली होती तरी दगड तापलेलेच. एका ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "हे आमचं न्हवं. हे वाण्याचं." पुन्हा मागं. शेवटी आडाचा कठडा सापडला, गाळानं भरलेला, तेव्हा तिला बरोबर कळलं. मग तिनं पोरांना उभं केलं, एकाला चुलीपाशी, एकाला जात्यापाशी. "तू आता जिथं हायस तिथं तुझी आजी जन्मली." माझी आई. धाकटा खाली बघत राहिला. मग त्यानं विचारलं, संडास कुठं होता? आजी इतकी हसली की खाली बसली.

ती रडेल म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो, पण रडली नाही. परतताना एक खापराचा तुकडा पदराला बांधला आणि मामाशी म्हशीच्या भावावरनं भांडत आली.

खर्च विचाराल तर भाडं, मामीला साडी, दोन डझन आंबे. राहायचं काहीच नाही. गावात कुणी असेल तर आधी तिथं जा.

रोहितप्रेमी
रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) मे गाठू नका. त्यांचा भर हिवाळ्याचा, जानेवारी-फेब्रुवारी. मेमध्ये दिसले तर नशीब. पण भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाकांची (रंगीत करकोच्यांची) वीण होते, ती बघा. दुर्बीण कुणाची तरी मागून न्या. सहाला पोचा, नऊला सावलीत परत.

एकदाच फसलेला
"तलावकाठी मुक्काम, चुलीवरचं जेवण" अशी जाहिरात बघून दोन हजार आगाऊ भरले. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. तलाव गच्चीवरनं दिसत होता, टाकीच्या पलीकडं. पंखा होता, वीज नव्हती. रात्रभर पोराला टॉवेलनं वारा घातला. आगाऊ भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: पाणी आज कुठवर आहे, इन्व्हर्टर आहे का, सहाजणांना खोली एक की दोन.

चिलापी
मासे खाणारे असाल तर हॉटेलातल्या ताटाच्या मागं लागू नका. सकाळी काठावर होडी लागते तेव्हा चिलापी तिथंच घ्या आणि जिथं उतरलाय तिथल्या मावशींना करायला सांगा. काटे कमी, पोरंही खातात. कडक भाकरी सोलापूरची बांधून न्या, चार दिवस काही होत नाही. (मासे न खाणाऱ्यांनो, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. काय कमी आहे का?)

कंदरकर
होडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. मेमधली दुपारनंतरची वावटळ सांगून येत नाही. पोरांना बसवायचंच असेल तर सकाळी, लाइफ जॅकेट घालून, आणि जॅकेट नसेल तर काठावरनंच बघायचं. पोरं रुसली तर रुसू द्या.

हिप्परग्याचा
ज्यांना दोन रात्री जमत नाहीत त्यांच्यासाठी. एकरूख तलाव, आपला हिप्परगा, 1871 चा. तुळजापूर रोडनं शहरापासून जवळच. संध्याकाळी पाचला निघायचं, भेळ करून न्यायची, आठला घरी. गेल्या वर्षी तेवढंच केलं. 180 रुपये पेट्रोलसकट.

शेंगाचटणी
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: नवऱ्याची चुलत आत्या टेंभुर्णीजवळ निघाली. बारा वर्षांत गेलो नव्हतो, तेव्हा फोन करताना जरा लाजच वाटली. ती म्हणाली, "पाणी लांब गेलंय, पण या." सासूबाईंचं आधार कार्ड आत्ताच पर्समध्ये ठेवलंय. काठावरच्यांना एक प्रश्न: गाळात चालायला पोरांना बूट बरे की अनवाणीच?