‘मिलियन डॉलर बेबी’मधला फ्रँकी डाव राखून ठेवतो की जोड टाळतो?

प्रश्न (अमळनेर)

क्लिंट ईस्टवुड यांचा ‘मिलियन डॉलर बेबी’ (२००४) गेल्या आठवड्यात आजोबांसोबत पाहिला. खाली शेवटाचा उल्लेख येणार आहे, तेव्हा ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे. आजोबांनी उमेदीच्या काळात तालमीत पोरे तयार केली आहेत. इंग्रजी कळत नसल्यामुळे मी त्यांना संवाद सांगत होतो, पण अर्ध्या तासात त्यांनी मलाच गप्प बसवले. म्हातारा प्रशिक्षक फ्रँकी आपल्या तयार मुष्टियोद्ध्याला किताबाच्या लढतीपासून दूर ठेवत राहतो, शेवटी कंटाळून तो मुष्टियोद्धा दुसऱ्या व्यवस्थापकाकडे जातो आणि किताब जिंकतो; पुढे त्याची नवी शिष्या मॅगी हिच्या बाबतीतही फ्रँकी मोठी लढत लांबवू लागतो, तेव्हा आजोबा एवढेच म्हणाले, ‘‘पोर नही घाबरस, तो घाबरस.’’

आपल्याकडे म्हणतात की वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. फ्रँकीचे वागणे त्याच जातीचे मानावे का?

उत्तर (धुळे)

मला ही तुलना पटत नाही. राखलेला डाव हा पठ्ठा उलटला तर वस्तादाच्या उपयोगी पडावा म्हणून असतो. त्यात वस्तादाचा मान सांभाळला जातो. फ्रँकी मॅगीपासून काहीच लपवत नाही. पाय कसे हलवायचे, श्वास कसा सोडायचा, आणि सगळ्यात आधी स्वतःचा बचाव कसा करायचा, हे तो पुन्हा पुन्हा घोटून घेतो. तो टाळतो ती जोड, म्हणजे तोडीच्या प्रतिस्पर्ध्याशी लढत. यात्रेतल्या फडावर रेवड्यांच्या कुस्तीपासून निकाली कुस्तीपर्यंत कोणाची जोड कोणाशी लावायची हे ठरवताना, ‘‘या वर्षी नको’’ म्हणून पोराला मागे ओढणारे वस्ताद मी लहानपणी पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर चिडणारे पठ्ठेही. पण कुस्तीत पोरगा चीत झाला तर पाठीला माती लागते आणि पुढच्या यात्रेला तो पुन्हा उभा राहतो. मुष्टियुद्धात डोक्यावर बसलेला प्रत्येक ठोसा साठत जातो, त्यामुळे मागे ओढणाऱ्या हाताला तिथे वेगळे वजन आहे.

शिवाय त्या भीतीचे कारण चित्रपटात त्याच्यासमोर रोज झाडू मारत असते. झाडू मारणारा तो स्क्रॅप, जुना मुष्टियोद्धा; त्याचा डोळा १०९व्या लढतीत गेला, तेव्हा कोपऱ्यात जखमा सांभाळायला फ्रँकीच होता, आणि लढत थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. आजोबा बरोबर बोलले, फक्त घाबरण्याला त्यांनी दोष मानला असेल तर तो मला मान्य नाही.

उत्तर (भुसावळ)

मी काही वर्षे मुष्टियुद्ध शिकलो आहे, म्हणून कोपऱ्याविषयी थोडे लिहितो. दोन फेऱ्यांमध्ये एकच मिनिट मिळते. घंटा वाजताच स्टूल आत, तोंडातले रक्षक बाहेर, पाणी, आणि जखम असेल तर ती बंद करायची. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅड्रिनलिन घेऊन तो जखमेत दाबतात, त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. वर व्हॅसलीन लावतात आणि सुजेवर थंड धातूची पट्टी दाबतात. मॅगीचे मोडलेले नाक फ्रँकी कोपऱ्यातच जागेवर बसवतो, तो प्रसंग इतका अस्सल वाटतो याचे कारण मूळ कथांचे लेखक एफ. एक्स. टूल स्वतः हेच काम करीत. त्यांचे पहिले पुस्तक २००० साली, सत्तरीत आल्यावर निघाले आणि चित्रपट होण्याआधीच, २००२ मध्ये, ते वारले.

म्हणूनच शेवटच्या लढतीत, जिथे प्रतिस्पर्धी मॅगीला घंटेनंतर ठोसा मारते, ते स्टूल मला सलते. घंटेनंतर मारलेला ठोसा नियमबाह्य आहे आणि मुद्दाम केलेल्या अशा आगळिकीने लढतच संपली तर मारणारी बाद ठरते. पण मॅगी हात खाली सोडून वळते, म्हणजे पहिल्या दिवसापासून घोटलेली एकच गोष्ट त्या क्षणी निसटते, आणि ती ज्यावर आदळते ते स्टूल तिच्याच विश्रांतीसाठी तिच्याच कोपऱ्यातून आत आलेले असते. जोड टाळूनही जे टळले नसते, ते हे.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

दोघांचेही आभार. डाव आणि जोड यांतला फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. काल नाकाचा प्रसंग आजोबांना पुन्हा दाखवला. त्यांनी मॅगीकडे पाहिलेच नाही, फ्रँकीच्या बोटांकडे पाहत राहिले आणि बोळ्याला काय लावले आहे ते विचारले. औषधाचे नाव सांगितले, तर म्हणाले की त्यांच्या वेळी हळद दाबत असत, आणि मग दृश्य मागे घ्यायला लावून त्यांनी ते आणखी एकदा पाहिले.