आन्यो नुएवोच्या वाळूवरचे एकटे पिल्लू

प्रेषक: एक पालक सभासद
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सर्वांना सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारी मंडळातली चार कुटुंबे मिळून आम्ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आन्यो नुएवो राज्य उद्यानातल्या मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीला गेलो होतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तिथे एलिफंट सीलच्या (नराला सोंडेसारखे नाक असलेल्या अवाढव्य सागरी सस्तन प्राण्याच्या) विणीचा हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे नरांच्या झुंजी, माद्यांचे कळप आणि सुरकुतलेल्या कातडीची काळी पिल्ले असे सारे आम्हांला अडीच तासांत पाहायला मिळाले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपुलकीने दिले, हे आधीच नमूद करते, कारण पुढे जे लिहिणार आहे ती तक्रार नाही.

एका वाळूच्या टेकडीच्या आडोशाला, कळपापासून बरेच दूर, एक पिल्लू एकटेच पडले होते. त्याची आई कुठे आहे, असे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, तेव्हा ती समुद्रात निघून गेली असून आता परत येणार नाही, असे उत्तर मिळाले. मग त्याला खायला कोण घालते, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे होते. पुढे पाण्याच्या कडेला एक मेलेले पिल्लूही दिसले. मुलगी परतीच्या वाटेवर एक शब्दही बोलली नाही, आणि रात्री झोपताना तिने मला विचारले की, त्या लोकांना हे प्राणी इतके आवडतात, तर ते त्यांना मदत का करत नाहीत. मला उत्तर देता आले नाही, कारण माझ्या मनातही तोच प्रश्न होता. आपल्यापैकी कोणाला याविषयी नीट माहिती असेल, तर मला तिला वाचून दाखवता येईल अशा रीतीने लिहावे, ही विनंती.

---

प्रेषक: एक सभासद, उद्यानातील स्वयंसेवक मार्गदर्शक

प्रिय ताई,

मी गेले चार हिवाळे याच उद्यानात फेऱ्या नेण्याचे काम करतो. (रेंजर हे उद्यानाचे कर्मचारी असतात, आणि माणसांना वाळूतून घेऊन जाणारे बहुतेक जण माझ्यासारखे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात.) तुमच्या मुलीचा प्रश्न मला दर फेरीत कोणीतरी विचारतेच, आणि घाईत दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आधी तिला एवढेच विचारा की, ते पिल्लू काळे होते की चंदेरी. ढिल्या, सुरकुतलेल्या कातडीचे काळे पिल्लू अजून आईच्या अंगावर पीत असते. मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होते हे कळू नये इतके गोल झालेले, काळी लव गळून चंदेरी होऊ लागलेले पिल्लू मात्र दूध तुटलेले असते. आम्ही मार्गदर्शक त्याला ‘वीनर’ म्हणतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही पाहिलेले पिल्लू तसेच असावे, आणि तसे असेल तर ते पोरके नाही, तर त्याच्या वयाला जिथे असायला हवे तिथेच ते आहे.

मादी डिसेंबरच्या मध्यापासून किनाऱ्यावर येऊ लागते आणि आल्यानंतर आठवडाभरात विते. जन्मलेले पिल्लू साधारण ७५ पौंडांचे असते. त्यापुढचे सुमारे चार आठवडे ती त्याच्यापासून हलत नाही, आणि तिचे अन्न वाळूवर मिळत नसल्यामुळे या काळात तिच्या पोटात अन्नाचा कणही जात नाही. सुरुवातीचे दूध पातळ असते, पण ते दिवसागणिक दाट होत जाते आणि अखेरीस त्यात ५५ टक्क्यांपर्यंत चरबी असते. एवढ्याशा काळात पिल्लू अडीचशे ते तीनशे पौंडांचे होते, आणि ते सगळे वजन आईच्या अंगातून आलेले असते, म्हणजे ती स्वतःच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग गमावून बसते. ती आणखी थांबली तर तिच्याच जिवावर बेतेल. तिला लागणारे मासे आणि माकूल उत्तर प्रशांत महासागरात दूरवर, शेकडो मीटर खोल पाण्यात असतात, जिथे ती एका बुडीत वीस मिनिटांहूनही अधिक काळ राहते आणि दोन-तीन मिनिटे श्वास घ्यायला वर येऊन पुन्हा खाली जाते. या प्रवासात पिल्लाला सोबत नेणे अशक्य असते, कारण त्याला अजून पोहताही येत नाही. म्हणून एके दिवशी ती निघून जाते. तिने पिल्लाला टाकले, असे मला कधीच म्हणवत नाही, कारण द्यायचे होते ते सर्व तिने देऊन झालेले असते.

त्यानंतर पिल्लू आठ ते दहा आठवडे काहीही न खाता त्या साठ्यावर राहते. दिवसाचा बराच वेळ ते झोपते, आणि अंधार पडू लागला की आपल्यासारख्याच इतर पिल्लांबरोबर उथळ डबक्यांत जाऊन डोके पाण्याखाली घालणे, श्वास रोखणे, वल्हे मारणे यांचा सराव करते. ते शिकवायला तिथे एकही मोठा सील नसतो. माझ्या मते या उद्यानात पाहण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. लोक दोन टनांच्या नरांची झुंज पाहायला येतात आणि पिल्लांच्या डबक्यापाशी दोन मिनिटांत पुढे सरकतात, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

आता मदतीविषयी लिहितो. त्या पिल्लाला या दिवसांत अन्नापेक्षा निवांतपणाची गरज अधिक असते, कारण माणसाला घाबरून ते जितक्या वेळा उठून पळेल, तितका त्याचा मोजका साठा खर्च होतो. शिवाय ते पळून गेले आणि नेमके माद्यांच्या कळपात शिरले, तर परक्या माद्या त्याला चावून हाकलतात, आणि अशा चाव्यांनी पिल्ले जबर जखमी होतात. आम्ही सर्वांना २५ फूट दूर ठेवतो, त्यामागे तुमच्या सुरक्षिततेइतकेच हेही कारण आहे. सागरी सस्तन प्राण्यांना त्रास देण्यास अमेरिकेच्या १९७२ च्या संघीय कायद्याने बंदी आहे, पण तो कायदा नसता तरी वाळूवर वागण्याची रीत हीच राहिली असती.

मेलेल्या पिल्लाविषयी मी काही लपवणार नाही. काही पिल्ले झुंजणाऱ्या नरांखाली चिरडली जातात, काही गर्दीत आईपासून तुटतात आणि उपाशी मरतात, काहींना वादळी लाटा ओढून नेतात. १९८३ च्या एल निनोच्या (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते त्या काळाच्या) हिवाळ्यात भरती आणि वादळ एकाच वेळी आल्याने इथे फार पिल्ले दगावली. आईपासून तुटलेल्या काळ्या पिल्लाचे ओरडणे ऐकून मला आजही अस्वस्थ होते. पण त्याला उचलण्यासाठी माणसे कळपात शिरली, तर घाबरलेल्या माद्या आणि नर सैरावैरा धावतील आणि एकाच्या जागी चार पिल्ले आईपासून तुटतील. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला हे सरळ सांगितले तर समजेल, असे मला वाटते.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

सर्वांना नमस्कार,

वरील उत्तर अतिशय उत्तम आहे, तरी त्यात एक बाजू राहून गेली आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. हे प्राणी आज त्या वाळूवर आहेत, ते माणसाने काही केल्यामुळे आहेत. १९व्या शतकात त्यांच्या चरबीच्या तेलासाठी त्यांची इतकी कत्तल झाली की, मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर शंभराच्या आतच प्राणी उरले असावेत, असे मानतात. मेक्सिकोने १९२२ मध्ये त्यांना संरक्षण दिले आणि पुढे अमेरिकेनेही दिले. आन्यो नुएवोच्या बेटावर ते १९५५ मध्ये दिसू लागले, तिथे पहिली पिल्ले १९६१ मध्ये जन्मली, आणि समोरच्या मुख्य किनाऱ्यावर पहिले पिल्लू १९७५ मध्ये जन्मले. आज त्यांची एकूण संख्या दीड लाखाहून अधिक आहे, आणि हे सगळे त्या मूठभरांचेच वंशज असल्याने त्यांच्यातली आनुवंशिक विविधता फारच थोडी आहे. ज्यांना आपण जवळजवळ संपवले, त्यांच्यापासून २५ फूट दूर उभे राहिले की आपले कर्तव्य संपते का, हा माझा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न माझ्या अनुभवातला आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका गजबजलेल्या किनाऱ्यावर एक लहान, हाडे दिसणारे पिल्लू पडले होते, आणि भोवती जमलेली माणसे केवळ दयेपोटी त्याच्यावर पाणी ओतत होती. मी सॉसालितो गावातल्या मरीन मॅमल सेंटरला, म्हणजे आजारी आणि जखमी सागरी सस्तन प्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला, फोन केला. तिथून आलेल्या स्वयंसेवकांनी आधी गर्दी मागे सारली, बराच वेळ दुरून त्याचे निरीक्षण केले आणि मगच त्याला पिंजऱ्यात घालून नेले. तिथे उचलणे योग्य आणि आन्यो नुएवोला न उचलणे योग्य, ही रेषा नेमकी कुठे आखायची?

---

प्रेषक: एक सभासद, उद्यानातील स्वयंसेवक मार्गदर्शक

आदरणीय काका,

आपण घातलेली भर योग्यच आहे, आणि यापुढे मी फेरीत हा इतिहास शेवटी न सांगता सुरुवातीलाच सांगेन.

रेषेविषयी मला उमगले आहे ते असे. विणीच्या जागेवर जन्म, भूक, झुंज आणि मृत्यू हे सगळे त्या कळपाचे आयुष्य असते, आणि तिथे माणूस शिरल्याने होणारे नुकसान बहुधा त्याच्या मदतीपेक्षा मोठे असते. आपण पाहिलेले पिल्लू मात्र कळपापासून तुटून, माणसांच्या गर्दीत, समुद्रात पोट भरता न आल्याने किनाऱ्याला लागलेले होते. तिथे त्याला उचलल्याने दुसऱ्या कोणाला इजा होणार नव्हती, आणि निर्णयही जाणकारांनी, थांबून आणि पाहून घेतला. तिसरा प्रकार माणसाने केलेल्या इजेचा आहे. मासेमारीचा दोर किंवा प्लास्टिकची पट्टी मानेत रुतलेला प्राणी आढळला, तर परवाना असलेले प्रशिक्षित लोक ती कापून काढतात, आणि तिथे निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्या, असे कोणी म्हणत नाही. या तिन्ही प्रसंगी आपण सामान्य माणसांनी स्वतः हात लावायचा नसतो, एवढे समान आहे. अंतर राखायचे, कुत्र्यांना दूर ठेवायचे आणि फोन करायचा.

हीच गोष्ट घराजवळच्या उद्यानांतही लागू पडते, म्हणून येथेच सांगून ठेवतो. एप्रिलपासून गवतात हरणाची ठिपकेदार पाडसे एकटी बसलेली दिसतील. हरिणी चरायला जाताना पाडसाला लपवून ठेवते आणि दिवसातून काही वेळाच पाजायला येते, आणि माणसे जवळ उभी असली तर तेवढीही येत नाही. गेल्या वर्षी आपल्याच ओळखीच्या एका कुटुंबाने असे पाडस उचलून गाडीत घेतले होते. त्यांचा हेतू चांगला होता, पण आई असलेले ते पाडस त्या दिवशी पोरके झाले.

---

प्रेषक: एक पालक सभासद

दादा आणि काका, दोघांचेही मनापासून आभार.

मी दोन्ही पत्रे मुलीला वाचून दाखवली. पिल्लू पाठीवर काळे पण पोटाकडून चंदेरी होऊ लागले होते, असे ती खात्रीने सांगते, आणि तिने त्याचे चित्रही तसेच काढले आहे. मेलेल्या पिल्लाविषयीचा भाग मी गाळणार होते, पण दादांच्या सांगण्यावरून गाळला नाही. तिने तो ऐकून घेतला आणि थोड्या वेळाने विचारले की, समुद्रात गेल्यावर त्या पिल्लांचे काय होते. सुमारे निम्मी पिल्ले पहिले वर्ष पार करू शकत नाहीत, असे मला मार्गदर्शक बाईंनी सांगितले होते, तेही मी तिला सांगितले. त्यावर ती म्हणाली की, मग ते भरपूर झोपते तेच बरे आहे.

मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्या ३१ मार्चपर्यंतच असतात आणि त्यांचे आरक्षण आधी करावे लागते, म्हणून मार्चच्या शेवटच्या शनिवारसाठी मी नावे गोळा करत आहे. तोवर बहुतेक माद्या गेलेल्या असतील आणि किनारा मुख्यतः दूध तुटलेल्या पिल्लांचा असेल. वाट वाळूतून सुमारे तीन मैलांची आहे. ज्यांचे आईवडील इथे आले आहेत आणि ज्यांना तेवढे चालणे झेपणार नाही, त्यांच्यासाठी ठरावीक दिवशी गाडीने नेऊन फळ्यांच्या वाटेवरून चाकाच्या खुर्चीतूनही पाहता येईल अशी वेगळी सोय आहे. तिची गरज असेल त्यांनी मला वेगळे कळवावे, म्हणजे मी उद्यानाकडे चौकशी करेन. कुत्री नेता येत नाहीत. गट लहान असावा, अशी माझी इच्छा असल्याने पहिली वीस नावे घेऊन थांबेन, आणि त्या दिवशीच्या मार्गदर्शकांना डबक्यापाशी थोडे जास्त थांबू देण्याची विनंती करेन.