कुत्र्याचा सिनेमा पाहून रडू आलं का? आपापला अनुभव लिहा

दारव्हा तालुक्यातून, धागा सुरू करणारी

आपल्याकडे कुत्रं घरात नसतं, दारात असतं. त्याला भाकर मिळते, नाव मिळतं, वावरातली रात्रीची जागल त्याच्यावर सोपवलेली असते. ते मेलं की धुऱ्यावर पुरायचं आणि माणसं परत निंदणाला लागतात. रडताना कोणी दिसत नाही.

हिवाळ्यात आम्ही ओट्यावर टीव्ही काढून '७७७ चार्ली' लावला. २०२२चा कन्नड सिनेमा, आम्ही पाहिला तो हिंदीत डब केलेला. धर्मा हा एकलकोंडा माणूस, ब्रीडरच्या तावडीतून सुटलेली लॅब्राडॉर कुत्री त्याच्या दारी येते. पुढे तिला कॅन्सर निघतो. तिला टीव्हीवरचा बर्फ आवडतो म्हणून तो मोटारसायकलला साइडकार जोडून तिला हिमालयाकडे घेऊन निघतो. माझे भासरे कापसाच्या भावाशिवाय फारसं बोलत नाहीत. ते मधेच उठले, रांजणावर तोंड धुतलं आणि म्हणाले, "आपला वाघ्या बी शेवटी असाच पाय ओढत होता." वाघ्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. दारच्या कुत्र्यासाठी जे रडायचं राहून जातं, ते अशा सिनेमाला बाहेर येतं असं मला वाटतं. कोणता सिनेमा, कोणासोबत पाहिला, कोणतं कुत्रं आठवलं, ते लिहा.

अकोट तालुक्यातून

आमच्या वेळी 'तेरी मेहरबानियाँ'. सिनेमा १९८५चा, पण गावात आला तो नंतर, गणपतीत, भाड्याच्या व्हीसीआरवर. मारुतीच्या पारासमोर टीव्ही, एकीकडे बाया, एकीकडे गडीमाणसं. जॅकी श्रॉफला मारतात आणि त्याचा मोती मारेकऱ्यांचा सूड घेतो. आम्ही पोट्टे शिट्ट्या मारत होतो. बाबा मात्र मोतीचा मालक मरतो तिथेच उठून गेले. वाटलं, तंबाखू मळायला गेले असतील.

घरी आलो तर कोठ्यात कंदील जळत होता. बाबांनी शेरूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचा कान उलटा करून एक-एक गोचीड काढत होते आणि रॉकेलच्या वाटीत टाकत होते. अर्धी रात्र झालेली. मला पाहून एवढंच म्हणाले, "खाजवत होता." भुईमुगात रानडुकरं शिरली की शेरू बाबांच्या पुढे धावायचा. त्या दोघांचं नातं मला त्या रात्री कळलं.

ब्रह्मपुरी तालुक्यातून

मी 'चार्ली' अर्धाच पाहिला. आमच्या गावाला जंगल लागून आहे. बिबट गावात येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच. राजा पडवीत झोपायचा. रात्री एकदा कण्हल्यासारखा आवाज आला, मग काहीच नाही. सकाळी पायरीवर केसांचा पुंजका, आणि धानाच्या तणसावर ओढत नेल्याची रेघ बांधीपर्यंत गेलेली.

सिनेमात धर्माला वेळ मिळतो. तो तिला फिरवतो, खाऊ घालतो, कुशीत घेतो. आमच्या वाट्याला तो वेळ आलाच नाही. म्हणून मला पुढचं बघवलं नाही. मुलगा मात्र तो पुन्हा पुन्हा लावतो. आता नवं पिल्लू आणलं आहे. कुत्र्याला उंबरा ओलांडू न देणाऱ्या माझ्या सासूबाई पहिल्याच रात्री म्हणाल्या, "घरात घे वं त्याले, दार लाव."

पुसद तालुक्यातून, शिक्षक

सातवीच्या मुलांना मी २००९चा, रिचर्ड गेअरचा 'हाची' दाखवला. आधी खरी गोष्ट सांगितली. टोकियोचे प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये अचानक वारले. त्यांचा अकिता जातीचा हाचिको मार्च १९३५ मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये उभा राहिला.

मागून एकाने विचारलं, "सर, मालक मेला म्हणून त्याले कोनं सांगतलं काहून नाही?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्यानेच दिलं, "सांगतलं असन, पन त्याले पटलं नसन."

मग एक मुलगी उभी राहिली. तिचा भाऊ पुण्याकडे कंपनीत लागला, तेव्हापासून घरचं कुत्रं संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन बसतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. गाडी आली, कुत्रं उठलं. उतरणाऱ्या प्रत्येकाचे पाय त्यानं हुंगले. एका म्हाताऱ्याच्या पिशवीपाशी जरा घुटमळलं, आणि गाडी हलल्यावर गावाची वाट धरली. कंडक्टर त्याला ओळखतो, खिडकीतून पोळी टाकतो. मी व्हिडिओ काढून त्या पोराला पाठवला. त्याने लगेच फोन लावला, पण बराच वेळ त्याला बोलता येईना.

काटोल तालुक्यातून

मी ढोराच्या दवाखान्यात काम करतो. 'चार्ली' पाहिला की लोक लॅब्राडॉरचं पिल्लू मागायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. टिनाच्या छपरीखाली दाट केसांच्या त्या जनावराचे हाल होतात. ब्रीडरकडे काय चालतं ते त्याच सिनेमात दाखवलं आहे, तेवढं नीट बघा आणि गल्लीतलंच पिल्लू घ्या. दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्वोची सुई द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. पार्वोत रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. ते फडक्यात गुंडाळून आणणारं बहुतेक वेळा लहान पोरगंच असतं. त्याच्यासमोर मला उभं राहवत नाही. हात जोडून सांगतो, सुई वेळेवर द्या.

आर्वी तालुक्यातून

आजीला 'चार्ली' मोबाइलवर दाखवला. संपल्यावर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "खरंच मेली का रे ते?" सिनेमा आहे, कुत्री जिवंत आहे म्हटलं तर पटेना. शेवटी २०२४चा व्हिडिओ शोधला. सिनेमात काम केलेली तीच कुत्री, मैसूरला, आपल्या पिल्लांजवळ, आणि धर्माचं काम केलेला रक्षित शेट्टी तिला भेटायला आलेला. आजीने फोन डोळ्यांजवळ नेऊन बोटाने पिल्लं मोजली. आमच्या गल्लीत कुत्री व्याली की आजी चुलीवर गूळ घालून ज्वारीच्या कण्या शिजवते, कोणाचीही कुत्री असो.

"लेकुरवाळी झाली माय," ती म्हणाली. "कण्या देते का नाही तिले कोनी? तिकडे भात देत असन. भातानं अंगावर दूध येत नाही, सांग त्याहिले."