मदत हवी आहे: झाडकामासाठी छोटा लोडर आणि त्याची अटॅचमेंट

मंडळी नमस्कार,

पुण्यात झाडं छाटायचा आणि पडलेली झाडं हलवायचा आमचा धंदा आहे. बारा वर्षं झाली. नऊ माणसं, चार चेनसॉ, एक टेम्पो. गिऱ्हाईक म्हणजे सोसायट्या आणि जुने बंगले. परवानगीचा भाग (१९७५ चा वृक्ष कायदा, वृक्ष प्राधिकरण वगैरे) तोंडपाठ आहे, तो विचारत नाही. झाड खाली आल्यानंतरचं विचारतोय.

कापायला दोन तास, उचलायला अख्खा दिवस, अशी आमची रड आहे. गुलमोहर कसाही आवरतो. रेन ट्री पडला की मात्र चार माणसं पहारी लावून एकेक ओंडका लोटत गेटपर्यंत नेतात. गेल्या जुलैत एक ओंडका उतारावर सुटला आणि आमच्या एका माणसाच्या पावलाचं हाड मोडलं. तो दोन महिने घरी होता. तेव्हाच ठरवलं, आता यंत्र घ्यायचं.

जेसीबी भाड्याने आणून पाहिला. निम्म्या ठिकाणी आत जात नाही, जातो तिथे चेअरमन पेव्हर ब्लॉकचं बिल हातात ठेवतात. हायड्रा (चाकांवरची क्रेन) रस्त्यावरचं उचलायला उत्तम, पण मागच्या अंगणात त्याचा काय उपयोग?

परिस्थिती अशी: सोसायटीचं गेट साधारण दहा फूट. बंगल्याच्या कडेची बोळ मात्र चार फूट, कधी जेमतेम साडेतीन. खाली पेव्हर ब्लॉक, नाहीतर काळी माती. ओंडके दोन फूट जाड, सहा फूट लांब. बजेट कर्ज धरून अठरा-वीस लाख. जुनं मशीनही चालेल.

विक्रेता म्हणतो हाय फ्लोचं (अटॅचमेंटला जास्त तेल पुरवणारं) बॉबकॅट, म्हणजे छोटा लोडर घ्या आणि सोबत बकेट, ग्रॅपल (पकडायचा पंजा), स्टंप ग्राइंडर (बुंधा दळायचं यंत्र) सगळं एकदम घ्या. मला यातलं नक्की काय लागेल? ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी सांगा, व्हिडिओ मीही पाहिलेत.

प्रतिसाद: घाटमाथा

विक्रेत्याला बाजूला ठेवा, आधी ओंडक्याचं वजन काढा. ६० सेंमी व्यास आणि १.८ मीटर लांबी म्हणजे अर्धा घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ९०० ते १००० किलो धरलं तर तुमचा ओंडका ४५०-५०० किलोचा. तो चौघांनी लोटताय, धन्य आहे.

आता माहितीपत्रक. त्यात 'रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी', म्हणजे किती वजन उचलायचं, असा आकडा असतो. चाकांच्या स्किड स्टीअरला (बॉबकॅटसारख्या छोट्या लोडरला) तो मशीन पुढे कलंडायला लागणाऱ्या वजनाच्या ५० टक्के धरतात, ट्रॅकच्या मशीनला ३५ टक्के. त्यामुळे चाकवालं आणि ट्रॅकवालं शेजारी ठेवून हाच आकडा ताडून पाहिलात तर फसाल. दोघांचा टिपिंग लोड, म्हणजे ते कलंडायचं वजन विचारा. शिवाय ग्रॅपल बकेटपेक्षा जड असतो आणि ओंडका बकेटमधल्या मालापेक्षा पुढे धरला जातो, तेवढी क्षमता आणखी घटते.

साडेतीन फुटांच्या बोळीतून जाणारं मशीन म्हणजे बॉबकॅटचं एस७० किंवा त्या मापाचं. रुंदी तीन फूट, क्षमता ३४० किलोच्या आसपास. तुमचा सहा फुटी ओंडका त्याला झेपणार नाही. जे झेपवेल ते बोळीत शिरणार नाही.

तेव्हा ओंडके तीन फुटांचे करा. २५० किलोच्या आत येतात. लाकूड वखारीला लांब हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण रेन ट्रीला तसाही कोण भाव देतो?

प्रतिसाद: चाकोरीबाहेर

घाटमाथांना +१. थोडं अवांतर: आपल्याकडे बॉबकॅट म्हणजे कुठलंही स्किड स्टीअर, जसा पिवळा दिसला की जेसीबी. मूळ यंत्र १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी बनवलं. खुराड्यातल्या खांबांमधून वळायला हवं आणि वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं हवं, अशी त्याची अट होती. म्हणजे अडचणीच्या जागेत घुसणं हाच याचा जन्मापासूनचा धंदा.

पण पेव्हर ब्लॉकचं दुखणं याने जाणार नाही. याची चाकं वळत नाहीत, एका बाजूची थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवतात, म्हणजे टायर घासतच वळतो. जागच्या जागी गिरकी घेतलीत की ब्लॉक उचकटले. मी १२ मिमीचे प्लायवूडचे तुकडे अंथरतो आणि मोठ्या वळणाने फिरवतो. आणि बाभळीचं काम घेत असाल तर हवेचे टायर विसरा. एका दिवसात तीन पंक्चर काढलीत मी.

प्रतिसाद: परदेशी पाखरू

मी नॉर्थ कॅरोलिनात असतो. इथे झाडवाले बहुतेक मागे उभं राहून चालवायचं ट्रॅकचं छोटं मशीन वापरतात, रुंदी तीन फुटांच्या आसपास. ट्रॅकमुळे भार पसरतो, ओल्या मातीत रुतत नाही, तुमच्या काळ्या मातीला बरं. वळताना घासतं तेही.

अटॅचमेंटमध्ये आधी ग्रॅपल घ्या. फांद्यांचा ढीगही तोच उचलतो, ओंडकाही तोच. स्टंप ग्राइंडर भाड्याने आणा. त्याला मोटर असते, तेलाचा प्रवाह भरपूर लागतो आणि बऱ्याचदा केस ड्रेनची (मोटरमध्ये झिरपलेलं तेल परत नेणारी) वेगळी नळी लागते. ग्रॅपलला फक्त दोन सिलिंडर हलवायचे असतात, साधा प्रवाह पुरतो. म्हणजे हाय फ्लोचे जादा पैसे तुम्ही महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी मोजणार.

मोठं स्किड स्टीअर घेतलंत तर जोडणीची पाटी आयएसओ २४४१० या प्रमाण मापाची आहे ना एवढं बघा, उद्या दुसऱ्या कंपनीचा ग्रॅपलही बसेल. उभ्याने चालवायच्या मशीनची पाटी वेगळी आणि लहान असते.

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. घाटमाथा, तुमचा हिशेब वाचून पाच ओंडके टेम्पोत टाकून काट्यावर नेले. सरासरी ४७० किलो. बारा वर्षांत एकदाही वजन केलं नव्हतं.

ठरवलं असं: तीन फुटी मशीन, ग्रॅपल आणि बकेट. मोठं खोड असेल तिथे हायड्रा, ग्राइंडर भाड्याने. चाकं की ट्रॅक हे अजून ठरत नाही. उद्या एक वापरलेलं चाकांचं मशीन बघायला जातोय. काय तपासू? आणि उतारावर कसं चालवायचं? त्या पावलाच्या प्रकारानंतर माणसं घाबरतात.

प्रतिसाद: चाकोरीबाहेर

उताराचं आधी. जड बाजू नेहमी चढाकडे ठेवा. रिकामं असताना इंजिनामुळे मागची बाजू जड, म्हणून रिव्हर्समध्ये चढा आणि सरळ उतरा. ओंडका धरला की पुढची बाजू जड होते, मग सरळ चढा आणि रिव्हर्समध्ये उतरा. ओंडका जमिनीपासून वीतभरच वर, टेम्पोपाशी पोचल्यावरच उचलायचा. उताराला आडवं चालायचं नाही आणि खालच्या अंगाला माणूस उभा करायचा नाही.

मशीन बघताना तासांच्या मीटरवर विश्वास नको. बूम (पुढचे उचलायचे हात) अर्धी उचलून कुणाला तरी पुढचं टोक वर-खाली हलवायला सांगा, सांध्यांच्या पिन-बुशमध्ये खडखड किती ते कळेल. दोन्ही लिव्हर सारखे दाबून मोकळ्या जागेत सरळ चालवा. एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा पंप किंवा मोटर दमलीय. ग्रॅपलच्या तेलाच्या नळ्या जोडायच्या कपलरपाशी तेल गळतंय का ते विकणारा धुऊन ठेवायच्या आत बघा, म्हणजे सांगितल्या वेळेआधी तासभर पोचा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. आणि टेम्पोच्या फाळक्याची उंची मोजून न्या. ग्रॅपल उघडून तेवढ्या उंचीच्या वर जातो का, हे तिथेच टेप लावून बघा. मी नव्हतं बघितलं.

धागाकर्ता:

टेप घेतली. मग तुम्ही काय केलंत?

प्रतिसाद: चाकोरीबाहेर

टेम्पो खड्ड्यात उभा करतो. अजूनही.